पावसाळ्यातल्या खतासाठी आत्ताचा पाला राखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात पिंपळ, पर्जन्यवृक्ष, बदाम झडतात. सकाळी झाडून लावलेले पाल्याचे ढीग कुठे कचऱ्याच्या गाडीत जातात, तर कुठे सरळ काडी लावली जाते. कचरा उघड्यावर जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने 5 हजार रुपये दंडही ठरवला. दंडाचं राहू द्या. जो माल आपण जाळतो, तोच जून ते सप्टेंबर सोसायट्यांच्या खतप्रकल्पांना हवा असतो आणि तेव्हा तो शोधून सापडत नाही. ‘वास येतो, प्रकल्प बंद करा’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात सुमारे पाऊण हिस्सा पाणी आणि कर्बाच्या (कार्बन) मानाने नत्र (नायट्रोजन) जास्त. वाळका पाला कर्ब पुरवतो आणि पाणी शोषतो. ढीग नीट कुजायला कर्ब-नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 आणि ओल 50 ते 60 टक्के लागते. म्हणजे रोजच्या 50 किलो ओल्या कचऱ्याला 14-15 किलो कोरडा पाला. बादलीच्या मापाने एक बादली कचऱ्याला दोन बादल्या पाला. प्रत्यक्षात वरून चार मुठी भुरभुरल्या जातात. मग तळाचा चिखल होतो, हवा कोंडते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जादा झालं असं समजावं. औषध तेच, पाला. अशा वेळी कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) किंवा ताक ओतणं म्हणजे चिखलात आणखी पाणी. मिश्रण मुठीत दाबून पाहावं : एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. ढिगात लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय, म्हणजे कुजणं नीट चालू आहे. थंड लागली तर वरखाली करावा.

चार महिन्यांचा हिशेब होतो सुमारे 1,800 किलो पाला. श्रेडरमधून (पाला चिरणारं यंत्र) काढून दाबून भरला तर एका मोटारीच्या पार्किंगएवढ्या जागेत छातीभर उंचीत मावतो. वर पत्रा हवाच, आणि जवळ विडी-सिगारेट नको. पिंपळ-आंब्याची चिवट पानं न चिरता टाकली तर महिनोन्‌महिने तशीच राहतात. पर्जन्यवृक्ष-गुलमोहराच्या बारीक पानांचा उलटा ताप : नुसती तीच टाकली की ओलीने घट्ट थर बसतो. दोन्ही मिसळावीत.

‘24 तासांत खत’ देणाऱ्या विजेच्या यंत्रांबद्दलही एक शब्द. ती कचरा तापवून वाळवतात, कुजवत नाहीत. त्यातला भुगा ओला करून पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. पिशवी उघडताच घाण वास आला तर ते खत झालेलंच नाही. असा माल कुंडीत घातला की मुळं करपतात. खऱ्या खताला दीड-दोन महिने लागतात, वर दोन-तीन आठवडे मुरायला. मग 4 मिलिमीटरच्या चाळणीने चाळावं.

क्षेत्रीय कार्यालयांनी पानगळीचे दोन महिने पाला वेगळ्या गाडीने उचलावा, जवळच्या उद्यानात एक श्रेडर बसवावा आणि मागेल त्या सोसायटीला गोणीने पाला द्यावा. खतप्रकल्पासाठी मिळकतकरातली सवलत देताना नुसता खताचा हौद पाहू नये. हौदाशेजारी पाल्याचा साठा आहे का तेही पाहावं, आणि ही पाहणी जुलैत करावी.

— खतप्रकल्पांची देखभाल करणारे काही नागरिक, पुणे