मेजर मॅडमना, शिरोळ तालुक्यातून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र २०१९ च्या पुरानंतर लगेच लिहायला हवं होतं. तेव्हा घरातला चिखल काढण्यात दिवस गेले, पुढे कोविड आला, २०२१ ला पुन्हा पाणी आलं, आणि राहूनच गेलं.

मी तुमच्या आपत्तीच्या ट्रेनिंगमधली मागच्या बाकावरची स्टाफ नर्स. तुम्ही मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही तुम्हाला मेजर मॅडमच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेच्या मैदानात चाळीस मुलं झोपवली होती, अंगावर कुंकवाचं पाणी शिंपडून. आधी कुणाला बघायचं ते ठरवून बांधायला आमच्या हातात लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या रिबिनी. शिट्टी वाजली आणि मी सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या पोराकडे धावले. तुम्ही मला दंडाला धरून थांबवलंत. "ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प कोण आहे ते बघ."

चालता येतं त्याला हिरवी. श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाला नाडी लागत नाही किंवा साधं सांगितलेलं कळत नाही, तर लाल, म्हणजे सगळ्यात आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळी, म्हणजे गेलेला. एका मुलाच्या चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं. त्याच्या हाताला काळी रिबीन बांधून पुढे जाताना मला रडू आलं. खोटं आहे हे माहीत असूनही. तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी पायरीवर शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "आज रडलीस ते बरं झालं, त्या दिवशी हात थांबणार नाहीत."

पुढच्या वर्षीचा, २०१९ चा ऑगस्ट सगळ्यांना आठवतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका, तिथं पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्याकडे तर कृष्णाही फुगलेली. हायवे बंद. आमच्या छावणीत एका ट्रॅक्टर-ट्रॉलीतून तीसेक माणसं उतरली. हात मोडलेल्या एक मावशी कळवळत होत्या, सगळे त्यांच्याभोवती. मी गप्प माणूस शोधत फिरले. ट्रॉलीच्या कोपऱ्यात एक आजोबा भिंतीला टेकवावं तसे बसलेले, भर पावसात घाम फुटलेला, हाक मारली तरी ओ नाही. सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं आणि पाणी दारात आलं, जेवण राहिलं होतं. ग्लुकोमीटरवर साखर ३८, फारच कमी. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "म्हशी सोडल्या का?"

मॅडम, ते आजोबा तुमचे आहेत.

पण त्याहून जास्त आभार तिसऱ्या दिवसाचे. आम्हाला तो कंटाळवाणा वाटला होता. दिवसभर वही आखायला लावलीत: गावातल्या डेट जवळ आलेल्या बायका, डायलिसिसवाले, इन्सुलिनवाले, अंथरुणाला खिळलेले, घर कुठलं, उचलून आणणार कोण. बंधाऱ्याला इशाऱ्याचे ३९ फूट झाले की यादीतली पहिली बाई घरात राहता कामा नये, हे तुम्ही आमच्याकडून वदवून घेतलंत. त्या वहीमुळे नऊजणी पाणी यायच्या आधीच जयसिंगपूरला पोचल्या. त्यातल्या दोघी बाळंत झाल्या तेव्हा त्यांच्या गावाचा रस्ता पाण्याखाली होता. बोटीत कळा सुरू झालेली बाई कशी सांभाळायची, तेही तुम्ही शिकवलं होतंत. ते वापरावं लागलं नाही, याचा मला जास्त अभिमान आहे.

बाकीचंही कामाला आलं. लाईट नसताना इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. टँकर आला की आधी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा ताप टाळायला आठवड्याला डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, गरोदर बायकांना ती नाही.

एक मनापासून सांगते. तीन दिवसांचं ट्रेनिंग वर्षभरात हातातून निसटतं. सर्टिफिकेट भिंतीवर राहतं, बोटं मात्र विसरतात. म्हणून आता दर मे महिन्यात आशाताईंना घेऊन आम्ही तेच मैदान, तेच कुंकू, तीच शिट्टी करतो. एखादी नवी मुलगी ओरडणाऱ्याकडे धावतेच. मी तिला दंडाला धरून थांबवते.

रिबिनींची तुमची पिशवी माझ्याकडेच राहिली आहे. लाल संपत आल्या होत्या, त्या मी नव्या आणल्या. काळ्या तुम्ही दिलेल्याच आहेत.

तुमची,
मागच्या बाकावरची सिस्टर