स्लजच्या दाण्यात काय चाललंय तेही मोजा

मा. संपादक, स.न.

मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशच्या बायोगॅस प्लांटवर मी केमिस्ट आहे, आमच्याकडे रोज सीओडी (पाण्यात सेंद्रिय घाण किती त्याचं माप), पीएच सगळं मोजतात पण स्लजच्या दाण्यात (म्हणजे टाकीतल्या गाळात गॅस करणाऱ्या जिवाणूंचे जे दाणे बनतात त्यात) अन्न किती वेगाने शिरतं हे कोणी बघतच नाही. कित्येकदा घोडं तिथेच अडतं, बाहेर अन्न भरपूर आणि दाण्याच्या मधले जिवाणू उपाशी!

मोजणं फार अवघड नाही हो. स्लजमधले जिवाणू आधी मारायचे (नाहीतर तेच ग्लुकोज खातात आणि आपल्याला वाटतं ते आत मुरलं), मग स्लज अगारमध्ये (समुद्री शेवाळाच्या जेलीत) घालून साबुदाण्याएवढे गोळे करायचे, ते ग्लुकोजच्या पाण्यात ढवळत ठेवायचे आणि ठराविक वेळाने बाहेरच्या पाण्यातलं ग्लुकोज किती उतरलं ते बघायचं, त्यावरून डिफ्युजनचा, म्हणजे आत मुरण्याच्या वेगाचा, आकडा निघतो. तो साध्या पाण्यातल्यापेक्षा कमीच येतो. आणि गोळ्याचा व्यास दुप्पट झाला की मुरायला वेळ चौपट, म्हणून गोळे एकसारखे पाहिजेत, मी तर चाळणीने निवडून घेतो.

आपल्याकडे एवढ्या डिस्टिलऱ्या, जवळच सायन्स कॉलेजं, एमएस्सीच्या पोरांना हा प्रोजेक्ट द्या ना, स्लज मी बादलीभर आणून देतो.

एक केमिस्ट, सांगली जिल्हा