पिरॅमिड केवळ इजिप्तचे नव्हेत

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुरूडच्या किनाऱ्यावरील आम्हा लोकांना जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आफ्रिका कधी परकी वाटली नाही. तरीही पिरॅमिड म्हटले की माझ्या विद्यार्थ्यांना फक्त इजिप्तच आठवत असे, याची निवृत्त इतिहास शिक्षिका म्हणून मला खंत वाटते. आजच्या सुदानमध्ये प्राचीन कुश राज्याच्या राजा-राण्यांचे दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, म्हणजे संख्येने इजिप्तपेक्षाही जास्त. ते आकाराने लहान, पण चढाला उभट असून, दफनाची दालने त्यांच्या पोटात नव्हे, तर खाली खडकात खोदलेली आहेत. याच राज्याच्या पिये राजाने इ. स. पूर्व आठव्या शतकात इजिप्त जिंकला होता.

१८३४ मध्ये फेर्लिनी या इटालियनाने सोन्याच्या हव्यासापायी कुशची राजधानी असलेल्या मेरोवेचे पिरॅमिड फोडले. तेथे त्याला मिळालेले कुशच्या अमानिशाखेतो राणीचे दागिने आज बर्लिन व म्युनिकच्या संग्रहालयांत आहेत, ही गोष्ट वाचताना आजही मन कळवळते. २०११ मध्ये मेरोवेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, मात्र एप्रिल २०२३ पासूनच्या यादवीने सुदानचा हा ठेवा पुन्हा संकटात सापडला आहे. आपल्या रविवार पुरवणीत कुशविषयी सविस्तर लेखमाला द्यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, मुरूड (जि. रायगड)