नैराश्याचे प्रशिक्षण तीन दिवसांत संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमरावती जिल्ह्यात मी अनेक वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. ‘अंग दुखते, हातपायांत बळ नाही, झोप लागत नाही’ असे सांगत एकच बाई महिन्यात तिसऱ्यांदा ओपीडीत आली, की मी तिचे हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून देत असे. मन कशात लागते का, जगणे नकोसे वाटते का, हे विचारायला आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. मानसोपचार हा मेडिसिनच्या पेपरातला एक कोपरा होता आणि तो सोडूनही पास होता येत असे. त्या बायांपैकी कितीजणींना नैराश्य होते, हा प्रश्न मला आजही छळतो.

आता डॉक्टरांची प्रशिक्षणे होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दोन-तीन दिवसांच्या वर्गातून डॉक्टर लक्षणांची यादी घेऊन परततो आणि समोर शंभर रुग्णांची रांग दिसताच ती यादी मागे पडते. शेजारच्या गोव्यात याहून वेगळे करून दाखवले गेले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार देण्यात आला. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीच्या उपचाराला थोडी जोड मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. माझ्या मते यातली खरी शिकवण वर्गानंतरची आहे: समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, त्या एकत्र बसून ऐकल्या जात आणि कुठे चुकले ते एकमेकांना सांगितले जाई.

आपल्या डॉक्टरांनाही अशी साथ हवी. नैराश्यावरील गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागते. हे न सांगितल्यामुळे रुग्ण आठ दिवसांत ती सोडतो आणि पुढे नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर राहतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाला फोन करून विचारता यावे, आणि औषध केंद्रातच मिळावे. आरोग्य विभागाच्या मासिक आढावा बैठकीत लसीकरणाचे आणि प्रसूतींचे आकडे विचारले जातात. त्याच बैठकीत नैराश्याचे किती रुग्ण नव्याने ओळखले आणि त्यांतील किती पुढच्या महिन्यात परत आले, हेही विचारले जावे, ही माझी विनंती आहे.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, अमरावती