हृदयरुग्णांच्या झोपेचीही चौकशी व्हावी

महोदय,

‘हार्ट फेल्युअर’च्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकणाऱ्या, रुग्णाच्या फेरतपासणीत रक्तदाब, वजन, पायांवरची सूज, मीठ-पाण्याचे पथ्य यांची विचारपूस होते; झोपेत श्वास थांबतो का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना झोपेत श्वसनाचा काही ना काही त्रास असतो.

तो दोन प्रकारचा असतो. एकात घशातील वाट मिटते व रुग्ण मोठ्याने घोरतो. दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर मानेकडे सरकते, त्याने ही वाट आणखी अरुंद होते. दुसऱ्यात वाट मोकळी असते, पण फुफ्फुसांतील पाण्यामुळे श्वास जलद होऊन रक्तातील कार्बन डायऑक्साइड इतका उतरतो, की मेंदूकडून श्वासाची सूचनाच काही काळ येत नाही. मग तो वायू साठला की श्वास चढत जातो आणि पुन्हा ओसरतो. डब्लिनच्या डॉ. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि डॉ. विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये या श्वसनाचे वर्णन करून ठेवले आहे.

अडचण अशी, की यातील अनेकांना दिवसा झोप येत नाही, त्यामुळे ते तक्रारच करत नाहीत. खरी माहिती शेजारी झोपणाऱ्या पत्नीला किंवा पतीला असते, आणि तपासणीच्या वेळी त्यांना बहुधा बाहेर बसवले जाते!

घोरण्यावरून, झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र परस्पर विकत घेणे तर धोक्याचे आहे. हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि त्रास मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा, अशा १,३२५ रुग्णांवरील ‘सर्व्ह-एचएफ’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वासागणिक हवेचा दाब बदलणारे यंत्र ज्यांना दिले होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी न होता वाढले. म्हणून आधी हृदयाची औषधे नीट बसवावीत आणि यंत्राचा विचार ‘स्लीप स्टडी’ने, म्हणजे झोपेतील श्वसनाच्या तपासणीने, प्रकार निश्चित झाल्यावरच व्हावा. झोपेची गोळीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर झोपेतील श्वासाविषयी एक रकाना ठेवावा आणि तो नातेवाइकांना विचारून भरावा, अशी विनंती आहे. नातेवाइकांनीही रुग्ण झोपेत असताना त्याच्या श्वासाचे मोबाइलवर चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखवावे.

— एक वाचक, सातारा