गोठ्याच्या धन्यांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या सकाळी आपल्या गोठ्यातून निघताना आभाराचे दोन शब्दही मला नीट बोलता आले नाहीत, कारण बोलू लागले असते तर रडू आवरले नसते. म्हणून हे पत्र.

आमच्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. याआधी एका कृषी पर्यटन केंद्रात तिला हौसेने नेले होते. तिकिटाचे पैसे घेऊन झाल्यावर तिथल्या माणसाने, जनावरांना हात लावायचा नाही, हवे तर फोटो काढा, असे बजावले. आणि मी विनंती केली तेव्हा ‘हिला काय कळणार?’ असे मला म्हणाला. ती माझा हात धरून शेजारीच उभी होती.

आपण मात्र पहिला प्रश्न तिलाच विचारलात. तिच्यासमोर उकिडवे बसून आपण म्हणालात, ‘बाळा, आधी तिला तुज्या हाताचा वास घेऊ दे की, मग तू हात लाव. चालंल न्हवं तुला?’ काका, दवाखान्यात, शाळेत, लग्नकार्यात लोक आमच्या मुलीविषयीचे सारे प्रश्न तिला वगळून आम्हाला विचारतात; तिच्या होकारासाठी कुणी थांबल्याचे मला फारसे आठवत नाही. आपण थांबलात, आणि म्हशीचे हुंगून होईपर्यंत तिच्यासाठीही थांबलात.

पुढचे सगळे तिच्या हातांनी पाहिले. पंढरपुरी म्हशीचे शिंग मुळापासून चाचपत ती निघाली, ते खांद्यापलीकडे गेले तरी संपेना, तेव्हा ती मोठ्याने हसली. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या गळ्यावर आपण तिचा तळवा ठेवलात आणि घास खालून वर येताना तिला कळला. मग तो चाळीस-पन्नास वेळा चघळून झाल्यावर पुन्हा खाली उतरतो, हेही तिने मोजून पडताळले. रेडकाने तिची बोटे चोखली, तेव्हा त्याची जीभ खरखरीत असल्याचा शोध लागला. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे तर मलाही आपल्याकडूनच समजले.

आपल्या बेळगावात दुधाच्या मिठाईचे, कुंद्याचे, कौतुक पाहुण्यांना सांगताना कुणी थकत नाही, दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून सजवलेल्या म्हशी पाहायलाही रस्त्यात गर्दी होते. पण एरवी वर्षभर शेणाच्या वासाची तक्रार करणारेही त्याच गर्दीतले असतात. त्यांच्यापैकी एखाद्याने सकाळी धारेच्या वेळी आपल्याकडे यावे, असे मला मनापासून वाटते. धारा काढायच्या घाईत, गिऱ्हाईक दारात उभे असताना, अनोळखी मुलीला निवांत वेळ देणे हा भलेपणा अंगातच असावा लागतो. त्याचे तिकीट लावता येत नाही. आपण तर पैशाचे नाव काढताच रागावलात.

आता एक अडचण सांगते. म्हशीला वरचे पुढचे दात नसतात, हे आमच्या मुलीने वर्गात जाहीर केले असून तिच्या दोन मैत्रिणींचा त्यावर मुळीच विश्वास बसलेला नाही. त्या दोघींना घेऊन ती येणारच म्हणते. मी तिला अडवणार नाही. आपणही रागावू नये.

आपली कृतज्ञ,
एक आई, टिळकवाडी, बेळगाव