नवे रॉकेट जरूर बांधा, पण पहिला टप्पा परत कधी आणणार ते सांगा

माननीय अंतराळ राज्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

18 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एनजीएलव्ही या नव्या प्रक्षेपकासाठी 8,240 कोटी रुपये मंजूर केले. मुदत आठ वर्षांची, क्षमता पृथ्वीजवळच्या कक्षेत 30 टन नेण्याची. पहिला टप्पा, म्हणजे सुरुवातीला जोर देणारा रॉकेटचा खालचा भाग, परत आणून पुन्हा वापरायचा. हे काम सरकारने अंगावर घेऊच नये, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. आपले आजचे सर्वांत ताकदवान रॉकेट एलव्हीएम-3 कितीही भरवशाचे असले तरी 2040 पर्यंत चंद्रावर माणूस उतरवायचा तर ते अपुरे पडेल आणि आपल्या नवख्या खासगी कंपन्यांना एवढे ओझे आज पेलणारे नाही.

धास्ती वाटते ती वेळेची. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाचा आपला प्रकल्प 1994 चा. स्वदेशी इंजिन लावलेले पहिले उड्डाण एप्रिल 2010 मध्ये फसले, यश आले ते 5 जानेवारी 2014 ला. रशियाने तंत्रज्ञान देण्याचा शब्द फिरवला होता, त्यामुळे शास्त्रज्ञांना बोल लावता येत नाही. पण या वेळी स्पर्धक थांबलेले नाहीत. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-9 रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर 2015 मध्येच जमिनीवर उभा उतरला होता. आपला उतरायला 2032 उजाडणार असेल, तर तोवर बाजारात आपल्यासाठी काय उरेल?

मंजुरीत तीन विकास उड्डाणे, म्हणजे चाचणीची उड्डाणे, धरली आहेत. त्यांतल्या कितव्या उड्डाणात पहिला टप्पा परत आणण्याचा प्रयत्न होणार? माझ्या मते पहिल्याच. फसला तर फसला. त्यासाठीच तर ही उड्डाणे आहेत.

दुसरी मागणी हिशेबाची. नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेचे चांद्रमोहिमांसाठीचे रॉकेट एसएलएस 2016 अखेर उडायचे होते, उडाले नोव्हेंबर 2022 मध्ये. यान आणि जमिनीवरची यंत्रणा धरून एका मोहिमेला 4.1 अब्ज डॉलर लागतात, हे नासाच्याच महानिरीक्षकांनी छापून सांगितले. एनजीएलव्हीचा खर्च आणि हुकलेल्या तारखाही दरवर्षी संसदेच्या पटलावर याव्यात.

अपयशाचेही तेच. ऑगस्ट 2021 मध्ये आपले जीएसएलव्ही-एफ10 हे रॉकेट का कोसळले, याचे कारण इस्रोने जाहीर केले होते: हायड्रोजनच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. मे 2025 मध्ये पीएसएलव्ही-सी61 हे दुसरे रॉकेट तिसऱ्या टप्प्यात फसले, त्याचा अहवालही असाच लोकांपुढे यायला हवा होता. तो द्या, मग 8,240 कोटींबद्दल बोलू.

आपला,
एक करदाता